दाराच्या काचेचा चुरा आणि हायब्रिडची धास्ती

प्रश्न : गौरी-गणपतीसाठी आम्ही पनवेलहून गुहागर तालुक्यातील आमच्या गावी आलो. गाडी टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस, २०२३ मधील, हायब्रिड आहे. चिपळूण सोडल्यावर रस्त्याच्या कडेचे रान यंत्राने कापण्याचे काम चालू होते. त्यातून उडालेला एक खडा पुढच्या डाव्या दाराच्या काचेवर बसला आणि क्षणात सगळी काच भुगा होऊन खाली आली. माझी पत्नी त्याच बाजूला बसली होती. हातावरच्या दोन-चार ओरखड्यांवर निभावले. गावाजवळच्या गॅरेजवाल्याने ‘हायब्रिड आहे, दार खोलताना करंट बसेल’ असे सांगून गाडीला हात लावायचे नाकारले. सेवा केंद्रात काच मागवावी लागेल आणि आठवडा जाईल, असे कळते. पाऊस तर थांबत नाही. असे दार गावात उघडणे खरोखर धोक्याचे आहे काय? काच कोणती घ्यावी? आणि विम्याकडे जावे की पदरचे पैसे घालावेत?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : आपल्या गॅरेजवाल्याची सावधगिरी समजण्यासारखी आहे, पण ती चुकीच्या जागी खर्च झाली आहे. हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि मोठ्या बॅटरीवरची विद्युत मोटर या दोन्हींवर चालणाऱ्या गाडीत जिवाला धोका असणारा विजेचा दाब असतो, तो मोठी बॅटरी, तिच्यापासून इंजिनाच्या कप्प्याकडे जाणाऱ्या तारा आणि तिथली विद्युतयंत्रणा एवढ्यांतच खेळतो, आणि त्या तारांवर मुद्दाम नारिंगी वेष्टण घातलेले असते, जेणेकरून काम करणाऱ्याने त्या लांबूनच ओळखाव्यात. दारात यांपैकी काही नसते. काच वरखाली करणारी मोटर, कुलूप, स्पीकर, आरशाची मोटर, एअरबॅगचा सेन्सर हे सगळे कोणत्याही साध्या पेट्रोल गाडीप्रमाणे १२ व्होल्टवर चालते. तेव्हा ज्याने चार-पाच आधुनिक गाड्यांची दारे नीट उघडून पुन्हा नीट बसवली आहेत, असा कारागीर हे काम करू शकतो. नारिंगी तार दिसली तर तिला हात लावायचा नाही, एवढे त्याने लक्षात ठेवले की पुरे. दाराच्या कामात ती दिसण्याचे कारणच नाही.

हायब्रिड म्हणून जी काळजी घ्यायची ती वेगळी आहे आणि तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. पहिली गोष्ट अशी की ही गाडी ‘चालू’ असूनही गप्प उभी असते. इंजिनाचा आवाज नाही म्हणून गाडी बंद आहे असे समजून कारागीर दारात डोके घालतो, आणि बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते. गिअर चुकून पडला तर गाडी आवाज न करता सरकूही शकते. म्हणून गाडी पूर्ण बंद करावी, समोरच्या पटलावरील ‘रेडी’ हा शब्द विझला आहे हे पाहावे आणि चावी घरात, गाडीपासून दूर ठेवून द्यावी. दुसरी गोष्ट छोट्या १२ व्होल्ट बॅटरीची. दोन-तीन तास दारे उघडी राहून आतले दिवे जळत राहिले तर ती उतरते, आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही, कारण सगळे संगणक त्या छोट्या बॅटरीवरच जागे होतात. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अनेक हायब्रिड गाड्यांत मोठ्या बॅटरीला थंड ठेवणारी हवा प्रवासी बसतात त्या भागातूनच ओढली जाते आणि तिची जाळी आसनाखाली किंवा आसनाच्या बाजूला असते. आपल्या गाडीत ती कुठे आहे हे सोबतच्या पुस्तिकेत पाहावे आणि काचेचा चुरा झाडूने लोटत त्या दिशेला नेऊ नये. पाण्याच्या नळीने आतून धुणे तर सर्वस्वी वर्ज्य. आधी मोठे तुकडे हातमोजे घालून उचलावेत आणि उरलेले व्हॅक्यूमने ओढून घ्यावेत. ज्या घरात व्हॅक्यूम नाही तिथे कणकेचा ओला गोळा गालिच्यावर दाबला तरी बारीक कण त्याला चिकटून येतात. तो गोळा मग जनावरापुढे जाणार नाही याची काळजी घ्यावी, हे गावाकडे सांगायलाच हवे.

आता काच इतकी कशी फुटली, याकडे वळू. दाराची काच कडक केलेली, म्हणजे टफन केलेली असते. ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून तिच्यावर दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत सोडतात. पृष्ठभाग आधी थिजतो, गाभा मागाहून आकसतो, आणि त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली, तर गाभा कायमचा ताणाखाली राहतो. हाताच्या थापेला अशी काच दाद देत नाही, पण टोकदार कठीण खड्याने दाबाखालचा थर भेदून ताणाचा गाभा गाठला की साठलेली सगळी शक्ती एकदम मोकळी होते आणि काचेचे मक्याच्या दाण्यांएवढे बोथट तुकडे होतात. आपल्याकडचा जांभ्याचा खडा बहुधा स्वतःच फुटतो. रस्त्याच्या खडीतला काळा दगड मात्र गवत कापणाऱ्या यंत्राच्या पात्यावरून सुटला की पुरेसा असतो. समोरची काच अशी कोसळत नाही, कारण ती दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर घालून केलेली असते; तिला तडा जातो, पण ती जागेवर राहते, आणि तडा लहान असेल तर तो भरताही येतो. दाराच्या टफन काचेत दुरुस्तीचा प्रश्नच उद्भवत नाही. ती बदलावीच लागते.

काच येईपर्यंतच्या आठवड्यात दोन चुका टाळाव्यात. काचेचे बटण दाबून पाहू नये. दारात पडलेले तुकडे काच वरखाली करणाऱ्या मशीनच्या पट्ट्यांत आणि तारेत अडकतात व काचेबरोबर मशीनचाही खर्च अंगावर येतो. आणि प्लॅस्टिक चिकटपट्टीने थेट रंगावर चिकटवू नये. जाड प्लॅस्टिक दाराच्या चौकटीवरून आत घेऊन दार त्यावर बंद करावे, म्हणजे वरची कड चौकटीच्या रबरात आपोआप आवळली जाते आणि पाणी बाहेरच्या अंगाने ओघळते. या दिवसांत वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून असतो, म्हणून उघडी बाजू घराच्या आडोशाला येईल अशी गाडी लावावी. मात्र पागोळीच्या धारेखाली नको. असे प्लॅस्टिक लावून महामार्गावर वेगाने जाणे शहाणपणाचे नाही. फडफडीने ते सुटते आणि डावा आरसाही दिसेनासा होतो.

काच घेताना फुटलेल्या काचेचा विचार सोडून उजव्या दाराच्या काचेकडे पाहावे. तिच्या खालच्या कोपऱ्यात उत्पादकाचे नाव, आयएस २५५३ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि काचेचा प्रकार छापलेला असतो. नवी काच त्याच प्रकारची, त्याच छटेची असावी. काही गाड्यांत पुढच्या दारांना आवाज कमी करणारी, दोन थरांची काच असते. तशी खूण उजव्या काचेवर दिसली तर डावीकडे एकेरी काच घालू नये, कारण बॅटरीवर गाडी गुपचूप चालत असताना तेवढ्याच बाजूने वाऱ्याचा आवाज ऐकू येत राहील. आपली काच दाणे होऊन पडली, त्यावरून ती एकेरी टफन काचच होती असे दिसते. वाहन कंपनीच्या खोक्यातली काच आणि तीच काच घडवणाऱ्या मूळ काच उत्पादकाची बाजारातली काच यांत मापाचा व जाडीचा फरक नसेल, तर दुसरी घेण्यास माझी हरकत नाही. मानकाचा शिक्का नसलेली, ‘साहेब, बसते हो’ या हमीवरची काच मात्र घेऊ नये. छटा गडद करून घेण्याचा मोहही नको. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के आणि पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे.

यापुढचे काम दाराचे आहे, आणि कोकणात ते काचेपेक्षा मोठे आहे. फुटलेल्या काचेचा किती तरी भाग दाराच्या पोटात गेलेला असतो. आतले पॅड, म्हणजे दाराचे आतल्या बाजूचे आच्छादन, काढताना मूठ आणि हँडल यांच्या झाकणांमागचे स्क्रू आधी निघतात, मग कडेच्या क्लिपा, मग वायरिंगची जोडणी. ते ओढून काढणाऱ्याच्या हातून चार क्लिपा तुटतात आणि पुढे खड्ड्याखड्ड्याला दार कुरकुरत राहते. म्हणून क्लिपांचे सुटे पाकीट आधीच मागवून ठेवावे. पॅडखाली काळ्या चिकट रबरी पट्टीने डकवलेला प्लॅस्टिकचा पडदा असतो. पावसाचे पाणी काचेच्या फटीतून दाराच्या पोटात उतरणे हे ठरलेलेच असते; ते पाणी गाडीत न येऊ देता खाली उतरवणे हे या पडद्याचे काम. घाईतला कारागीर तो ब्लेडने कापतो आणि परत लावताना खाकी पट्टी मारतो. आषाढात पायाखालचा गालिचा ओला लागू लागतो, दोष नव्या काचेच्या रबरावर ढकलला जातो आणि मूळ कारण पॅडमागे झाकलेले राहते. अनेक गाड्यांच्या पुढच्या दारांत एअरबॅगचा असा सेन्सर असतो, जो धडकेच्या वेळी दाराच्या पोकळीत एकाएकी वाढलेला हवेचा दाब मोजतो. ती पोकळी जशी मिटलेली होती तशीच पुन्हा मिटली पाहिजे, हे पडदा नीट लावण्याचे दुसरे कारण. त्या सेन्सरची जोडणी सोडवायची असेल तर आधी १२ व्होल्ट बॅटरीची ऋण तार काढून किमान ९० सेकंद थांबावे.

पडदा निघाला की व्हॅक्यूमची नळी घालून तुकडे ओढावेत. मग दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी असलेली दोन-तीन बारीक भोके तपासावीत. काचेचा एकच दाणा त्या भोकात नेमका बसतो आणि वर तांबडी माती येऊन त्याची खुटी होते. ती मोकळी करायला तार घालू नये, कारण तारेने आतला रंग आणि गंजरोधक मेण खरवडले जाते व खाऱ्या हवेत तिथूनच गंज धरतो. खराट्याची एक हीर घ्यावी. ती वाकते, पण ओरखडत नाही. नंतर तांब्याभर स्वच्छ पाणी काचेच्या फटीतून ओतावे आणि खाली वाकून पाहावे. प्रत्येक भोकातून धार लागली पाहिजे. ही चाचणी पॅड लावण्यापूर्वी आपल्या डोळ्यांदेखत करून घ्या. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे तुंबलेले दार दोन पावसाळ्यांत खालून कुजू लागते.

काच ज्या रबरी चॅनेलमध्ये सरकते त्यातही तुकडे दडलेले असतात. ते राहिले तर नव्या काचेवर पहिल्याच दिवशी उभी रेघ उठते. चॅनेल ओल्या फडक्याने पुसून त्यात सिलिकॉनचा फवारा मारावा. तेल किंवा ग्रीस नको. त्याने रबर फुगते आणि धूळ धरून राहते. काच मशीनच्या पकडीत बसवल्यावर तिचे बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळावेत, काच तीन-चार वेळा वरखाली करून दोन्ही कडा चौकटीत सारख्या जातात हे पाहावे, आणि मगच पॅड लावावे. शेवटी काचेला तिची वरची हद्द पुन्हा शिकवावी लागते, अन्यथा एका स्पर्शात बंद होणारी काच अर्ध्यावरून परत खाली येते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण बंद करून बटण वरच्या बाजूला काही सेकंद धरून ठेवले की हे होते. आपल्या गाडीचा नेमका क्रम पुस्तिकेत आहे. अडथळा आल्यावर काच मागे फिरते की नाही, हे गुंडाळलेला टॉवेल मध्ये धरून तपासावे, बोट घालून नव्हे.

विम्याविषयी थोडक्यात. केवळ तृतीय पक्ष विमा असेल तर काही मिळणार नाही. सर्वंकष विमा असेल, तर काचेच्या भागांवर घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याबद्दलची कपात, कापला जात नाही. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र साध्या पॉलिसीत ५० टक्के कापला जातो. १५०० सीसीपेक्षा मोठ्या खासगी गाडीच्या प्रत्येक दाव्यात पहिले २,००० रुपये आपले जातात, आणि आपली गाडी त्या गटात मोडते. खरा हिशेब ‘नो क्लेम बोनस’चा आहे. हा बोनस पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्के आणि पुढे चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, पण एका दाव्याने तो शून्यावर येतो. समजा, आपल्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा मूळ हप्ता २०,००० रुपये आहे आणि पुढच्या नूतनीकरणात आपल्याला ३५ टक्के सूट मिळायची आहे, तर दाव्याची किंमत त्या एकाच वर्षात ७,००० रुपये होते, वर ते २,००० वेगळे, आणि त्यानंतरच्या वर्षांतही सूट पुन्हा खालच्या पायरीपासून चढते. काच, मजुरी आणि कर मिळून येणारे दरपत्रक हातात घ्या आणि या आकड्याशी ताडून पाहा. बोनस राखणारे जादा संरक्षण घेतलेले असेल, तर दावा करायला संकोच नको. मात्र दावा करायचा असल्यास विमा कंपनीला कळवण्यापूर्वी आणि पाहणी होण्यापूर्वी काच बदलू नये. फुटलेल्या अवस्थेतील दार, गाडीचा क्रमांक आणि सापडला असल्यास तो खडा यांची छायाचित्रे आजच काढून ठेवावीत.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये मागच्या उजव्या दाराची काच बदलून घेतली. आता काच खाली जाताना कचकच वाजते, आणि आंबा घाटाच्या वळणांवर दारातून पाणी डुचमळल्यासारखा आवाज येतो. गाडी सात आसनी हायब्रिड आहे. हायब्रिड यंत्रणेत बिघाड असेल काय?
— एक वाचक, लांजा

उत्तर : नाही. वरचे उत्तर आपण वाचले असेल तर निदान आपल्या हाती आले आहेच : चॅनेलमध्ये किंवा मशीनवर जुन्या काचेचे दाणे राहिले आहेत आणि दाराची भोके त्यांनीच बुजली आहेत. दाराच्या खालच्या कडेला आजच हीर घालून पाहा. पाणी धारेने बाहेर आले तर त्याचा रंग पाहा. मातकट असेल तर ठीक. विटकरी आणि त्यात पापुद्रे असतील तर आत गंज धरला आहे, आणि पॅड काढून पोकळी वाळवून गंजरोधक मेणाचा फवारा मारून घेणे लांबणीवर टाकू नये. फवारा वाळेपर्यंत भोके पुन्हा बुजत नाहीत ना, हेही पाहावे. मेणानेच भोके बंद झालेली दारे मी पाहिली आहेत. तोवर त्या दाराची काच कमीत कमी वापरावी.

प्रश्न : माडावरून पडलेल्या नारळाने आमच्या हायब्रिड गाडीच्या तिसऱ्या रांगेजवळची, न उघडणारी काच फुटली. दाराच्या काचेप्रमाणे ती दोन तासांत बसेल काय? अलिबागला पावसात हे काम करावे काय?
— एक वाचक, अलिबाग तालुका

उत्तर : ही काच मशीनवर नसते, गाडीच्या पत्र्यावर पॉलियुरेथेनच्या चिकट द्रव्याने ती डकवलेली असते, म्हणून काम वेगळे आणि कारागीरही वेगळा. जुने द्रव्य संपूर्ण खरवडून टाकायचे नसते. त्याचा एक-दोन मिलिमीटरचा समतल थर ठेवून त्यावर नवे द्रव्य घालणे अधिक पक्के बसते. खरवडताना पत्रा उघडा पडला तर तिथे आधी प्राइमर लावून तो वाळू द्यावा, कारण खाऱ्या वाऱ्यात उघडा पत्रा काचेखालून गंजतो आणि एक दिवस काच पत्र्यावरच्या रंगासकट सुटून येते.

पावसाचे म्हणाल, तर गंमत अशी की हे द्रव्य हवेतील ओलाव्यानेच आळते, त्यामुळे आपल्याकडचा दमटपणा त्याला मानवतो. पृष्ठभाग मात्र ठणठणीत कोरडा हवा. तेव्हा काम छपराखाली, पत्रा आणि काच दोन्ही पुसून कोरडी केल्यावर करावे. अंगणात ताडपत्री धरून नव्हे. गाडी किती वेळाने हलवायची हे द्रव्याच्या नळीवर छापलेले असते आणि ते प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असते. कारागिराच्या अंदाजावर न जाता ती नळी मागून वाचावी. पहिला दिवस एक काच बोटभर उघडी ठेवा आणि दारे हळू लावा. बंद गाडीत दार आपटले की आतली हवा दाबली जाते आणि न आळलेली काच बाहेर ढकलली जाते. मांडव्याला धक्क्यावर रो-रो बोटीत गाडी चढवण्याचा बेत असेल, तर तो दुसऱ्या दिवसावर ठेवावा.